मागल्या बाजूचा लाल स्वीच

दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस मला दरवर्षी जड जातात. घरात कुणाला ते ठाऊक नाही. शेतं पिवळी पडू लागलेली असतात, परसातल्या झेंडूवर सकाळी मधमाशा येतात, दुपारचं ऊन जनेलातून सरळ मेजावर उतरतं आणि तिथंच बसून राहतं. सगळ्यांना आवडणारे दिवस. बायको म्हणते, ह्या दिवसांत तुम्ही बोलत नाही. मी म्हणतो, उष्मा सोसत नाही. इतकी वर्षं हे उत्तर चाललं.

ह्या वर्षी त्याच उन्हात, त्याच मेजावर माझ्या मुलीनं नवा कॉम्प्युटर जोडला आणि तो चालू झाला नाही.

रेवती अठराची. वर्षभर थोडे थोडे करून तिनं एकेक भाग मागवला होता. दोन दिवस खोक्यांचा, प्लास्टिकचा, नव्या धातूचा वास घरभर होता. मला तो वास ओळखीचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाक मारली, "पप्पा, या, बटण दाबते." दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, साधी टिक् नाही. तिनं पुन्हा दाबलं, मग धरून ठेवलं. मग माझ्याकडे पाहून कसनुशी हसली.

चालू असलेलं यंत्र बंद पडलं तर माणूस चिडतो. पण जे कधी चालूच झालं नाही, त्याच्यासमोर माणूस आधी स्वतःकडे बघतो. आपलं काय चुकलं? तिच्या चेहऱ्यावर तेच आलं. हा चेहरा मी आधी पाहिला होता. माझ्या धाकट्या भावाचा, दिगूचा.

मी गुडघ्यावर बसलो आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बोट फिरवू लागलो.

"काय शोधताय?" तिनं विचारलं.

"स्वीच. लाल."

"लाल स्वीच नसतो हो आता. पॉवर सप्लाय आपलं आपण व्होल्टेज ओळखतो."

आपलं आपण ओळखतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी असं असतं तर, हा विचार करायलाही मला लाज वाटली.

*

आम्ही मूळचे पेडण्याकडचे. आजोबा खाणीच्या कामावर डिचोली तालुक्यात आले आणि पाळीच्या अलीकडे घर करून राहिले. बाबांचा स्वतःचा ट्रक होता. खाणीवरून लोखंडाची लाल माती भरायची, नदीकाठच्या धक्क्यावर बार्जपाशी ओतायची. मी खाणीच्या स्टोअरमध्ये नोकरीला. घरातली सगळी भाकरी एकाच लाल मातीतून आलेली. कपड्यांना, झाडांना, दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या टोपलीतल्या उंड्यांनासुद्धा ती माती लागलेली असायची.

मग खाणी बंद झाल्या.

त्या वर्षीच्या दसऱ्याआधीचे दिवस मला अजून स्वच्छ दिसतात, कारण ते खरोखरच स्वच्छ होते. रस्त्यावर ट्रक नाहीत, धूळ नाही. पावसानं धुतलेली पानं पुढंही हिरवीच राहिली. आमच्या दारच्या फणसाचा खरा रंग मी पस्तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिला. आई म्हणायची, "किती बरां दिसता," आणि लगेच गप्प व्हायची, कारण बाबा अंगणात ट्रककडे बघत बसलेले असायचे. ट्रकच्या मागच्या चाकात भोपळ्याचा वेल शिरला होता. तो कुणी काढला नाही.

ह्या शांततेत एकटा दिगू उत्साहात होता. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. कॉम्प्युटरचं शिकला होता, म्हापशात एका दुकानात दोन वर्षं हाताखाली काम केलं होतं. डिचोलीच्या बाजारात एक खोली त्यानं बघून ठेवली होती. लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. बाबांना पटत नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: एक मशीन आधी घरी जोडून दाखव. चालू झालं की दसऱ्याला खोली घेऊ.

आमच्या हॉलमधल्या मेजावर त्यानं ते जोडलं. त्याचे हात बघत राहावेत असे होते. स्क्रू पिळताना तो श्वास रोखायचा. प्रत्येक वायर लावली की तिच्यावरून एकदा बोट फिरवायचा, मूल झोपलंय का बघावं तसं. शेजारचे शाणूकाका रोज यायचे चेष्टा करायला. त्यांचाही ट्रक उभाच होता.

"काय रे दिगू, ट्रकाक धा चाकां. ह्याका एक तरी आसा?"

"काका, धा चाकां असून तुमचो ट्रक खंय जाता, तां सांगा आधी."

शाणूकाका मोठ्यानं हसले. बाबा हसले नाहीत.

जोडणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी संपली. दिगू म्हणाला, एकदा चालू करून बघतो. आणि बाबांनी त्याला अडवलं.

"पूजेआधी बटण दाबूचा नाय हां. नव्या गाडयेक नारळ फोडल्याशिवाय कोण स्टार्टर मारता?"

"बाबा, ही गाडी न्हय. जोडल्यावर टेस्ट करूक व्हयी."

"उद्या कर. देवासमोर, चार माणसांसमोर."

दिगूनं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांना समजावू शकलो असतो. ते माझं ऐकत. मी म्हटलं, "एका दिवसान काय होता रे? रव." तो थांबला.

*

आता जे लिहितो आहे ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं घर विजेच्या लाइनीच्या शेवटाला. तिन्हीसांजा झाल्या की व्होल्टेज इतकं पडायचं की बल्ब पिकल्या लिंबासारखा दिसायचा. ट्यूब लुकलुकत राहायची, पेटायची नाही. पंख्याची पाती मोजता यायची. हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. स्टोअरमध्ये काम केल्यामुळे विजेचं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. मोटारी, केबली, फ्यूज, सगळं हाताखालून गेलेलं. पण मी ते फक्त रॅकवर लावलेलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दिगू बाजारात फुलं आणायला गेला होता. मी मेजाजवळ उभा राहिलो. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पॉवर सप्लायवर, म्हणजे सगळे ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यावर, एक छोटा लाल स्वीच होता. त्यावर आकडा होता दोनशे तीस. नखानं सरकवला की दुसरा आकडा दिसे, एकशे पंधरा. वर बल्ब पिवळा मरगळलेला. मला वाटलं, आमच्याकडे दोनशे तीस कुठं असतात? दिगू म्हापशात शिकला, त्याला इथलं काय माहीत. कमी करंटाच्या घरात स्वीच कमीवर हवा. मी तो एकशे पंधरावर ठेवला.

चांगल्या हेतूनं केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते अर्धंच खरं. माझी नोकरी गेल्यात जमा होती. घरात पहिल्यांदाच असं काही घडत होतं ज्यात माझा हात नव्हता. उद्या ते चालू झालं असतं, सगळे दिगूचं कौतुक करत असते, तेव्हा मला मनात म्हणायचं होतं की माझ्यामुळेही चाललं. एवढंच. पण एवढ्यासाठी माणूस काय करतो, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी व्होल्टेज पुरं दोनशे तीस असतं, एकशे पंधराच्या दुप्पट. हेही मला माहीत होतं. सुचलं नाही.

ट्रकला झेंडूची माळ, कॅबिनेटला झेंडूची माळ. भटजींनी दोन्हींना हळदकुंकू लावलं. वीस-पंचवीस माणसं हॉलमध्ये. बाबांनी नारळ फोडला आणि दिगूला म्हणाले, "दाब." दिगू म्हणाला, "तुम्ही दाबा." मागचा मुख्य स्वीच त्यानं आधी टाकला, आणि बाबांचं बोट पुढच्या बटणापर्यंत पोचायच्या आत फाडकन् आवाज झाला. मागून धुराचा एक धागा वर आला. जळलेल्या चिपेचा तो तिखट, गोडसर वास उदबत्तीत मिसळला. आईनं तोंडावर पदर घेतला. कुणीतरी म्हणालं, "अपशकून." आणि दिगू ओरडला, "दादा, प्लग काढ!"

मी मागे वाकलो. प्लग काढला. आणि सगळे बाबांकडे बघत असताना, त्याच हातानं, नखानं, तो लाल स्वीच परत दोनशे तीसवर सरकवला.

विचार करून केलं नाही, असंही मी म्हणणार नाही. तेवढ्या वेळात जेवढा विचार करता येतो तेवढा केला होता.

*

पुढचे आठ दिवस दिगू शोधत राहिला. मेजावर जुनं बेडशीट अंथरून त्यानं सगळं सुटं केलं. एका वहीत लिहून एकेक भाग तपासायचा. बटणाच्या बारीक वायरी उलट्या तर लागल्या नाहीत? रॅम नीट बसली होती का? बोर्डाखाली पितळी पाय सगळे लावले होते का, की बोर्ड कॅबिनेटला टेकला? प्रोसेसरजवळची ती चौकोनी चार तारांची वायर? पहिल्याच दिवशी तो मागच्या बाजूला वाकला आणि म्हणाला, "स्वीच बरोबर आसा, दोनशे तीसार." मी टॉर्च धरून शेजारी बसलो होतो. टॉर्च हलला नाही. माणसाचा हात किती स्थिर राहू शकतो, ह्याची मला अजून भीती वाटते.

सगळं होतं तसं परत जोडून त्यानं मित्राकडचा दुसरा पॉवर सप्लाय लावला. पंखा एकदा फिरला, थांबला. बोर्डही गेला होता. भाग जिथून घेतले होते त्या दुकानदारानं ते बघायचंही नाकारलं. जोडणाऱ्याची चूक, म्हणाला. जेवायला हाक मारली की दिगू म्हणायचा, "दादा, तू जेव. माझ्यासाठी रवू नको." उंडा आणि चहा मेजाच्या कोपऱ्यावर थंड व्हायचा. बाहेर तेच सोनेरी ऊन. लोक कापणीला लागले होते, कापलेल्या भाताचा गोड वास वाऱ्यावर यायचा, आणि आत बेडशीटवर माझ्या भावाचा व्यवसाय सुटा करून मांडलेला.

नवव्या दिवशी बाबा म्हणाले, "देवीक विचारूया."

आमच्याकडे असं विचारतात. पेडण्याच्या आमच्या मूळ गावात सातेरीचं देऊळ आहे. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. लग्न, घर, विहीर, बाबांचा ट्रक, सगळं असंच विचारून झालेलं. तिघे गेलो. बसमध्ये दिगू खिडकीशी बसला होता; वही बरोबर घेतली होती त्यानं.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "आई माउली, आज हो तुझो लेकरू नवो धंदो धरूक बघता. जर कोणाच्या हातसून जाणता-अजाणता काय चूक झाली असात, तर ती पोटात घाल आणि ह्याका सारको मार्ग दाखय रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी साथ द्यायची असते. बाबा म्हणाले, दिगू म्हणाला, आणि त्या दोघांपेक्षा मोठ्यानं मी म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

तिथं बोलायला हवं होतं. जाणता चूक करणारा तिथंच उभा होता. गाभाऱ्यात समईचा उजेड होता, ओल्या दगडाचा गारवा पायाला लागत होता. बराच वेळ पाकळी हलली नाही. मी मनात म्हणत होतो, उजवी पडू दे. मला वाटत होतं, देवीला तर माहीत आहे, ती करील काय ते. माझं काम मी तिच्यावर टाकत होतो.

डावी पडली.

देवीला मी दोष देत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं तिनं उत्तर दिलं. प्रश्नच आम्ही खोटा नेला होता, आणि तो खोटा आहे हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं.

दिगूनं वाद घातला नाही. त्यानं पाया पडून तीर्थ घेतलं. दिवाळी झाली आणि तो मुरगावला गेला, बंदरात एका कंत्राटदाराकडे कामाला. तो गेल्यावर मी ते कॅबिनेट रिक्षात घालून डिचोलीतल्या एका माणसाला दाखवलं. का, ते माहीत नाही. कदाचित दिगूचंही काही चुकलेलं निघेल, अशी आशा असावी. त्या माणसानं चष्मा वर करून एकेक वायर तपासली, पितळी पायसुद्धा मोजले आणि म्हणाला, "जोडणी कोणाची? साफ काम आसा. ह्याणें मार भायल्यान खाल्ला." मार बाहेरून, विजेचा बसला होता, हेही मी कुणाला सांगितलं नाही.

*

तो बंदरावर गेला ह्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. पोट सगळीकडे भरतं. त्याचं लग्न झालं, वास्कोला दोन खोल्यांचं घर आहे. पण देवळातून आल्यापासून दिगूनं कुठल्या यंत्राला हात लावला नाही. रेवती लहान असताना तिची चावीची बाहुली अडकली. ती घेऊन ती त्याच्याकडे पळाली. तो हात मागे घेऊन म्हणाला, "तुझ्या पप्पाकडे दी. माझो हात बरो नाय." घरातला फ्यूज उडाला तर बायकोला सांगतो. मोबाइल अडला तर शेजारच्यांना देतो. हसत हसत सांगतो सगळं. "माझो हात लागलो की बिघडता" हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलं की लोक त्यावर हसतात. प्रत्येक वेळी मीही हसलो आहे.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात दिगूचा तोच हात धरून म्हणाले होते, "देवीन वाचयला तुका. नाय तर दुकान घालून बुडालं असतंस." दिगू म्हणाला, "व्हय बाबा."

तर ह्या वर्षी. रेवतीनं मोबाइलवर बघत एकेक तपासलं. माझ्या तोंडून आपोआप पुढचं पुढचं निघत होतं: बटणाच्या वायरी बघ, रॅम काढून बसव, प्रोसेसरजवळची वायर पुरती आत गेलीय का? तीच निघाली, अर्धवट बसलेली. दाबली. बटण दाबलं. पंखे फिरले, आतून निळा उजेड आला आणि रेवतीनं टाळी वाजवली.

"पप्पा, तुम्हाला हे सगळं कुठून माहीत?"

मी म्हटलं, "दिगूकाकाकडून."

तिनं लगेच त्याला व्हिडिओवर लावलं. चालू मशीन दाखवू लागली. पलीकडे तो घाईघाईनं म्हणाला, "बरां झाला गो बाय! पण लांब धर, लांब धर. माझी नजर लागात त्याका."

तो हसत होता. रेवतीही हसली. मला ह्या वेळी हसता आलं नाही.

*

रविवारी मी मुरगावला गेलो. डिचोलीहून पणजी, पणजीहून वास्को, तिथून पुढं. तीन बसेस, आणि प्रत्येक बसमध्ये मी एक वेगळी सुरुवात जुळवली. बंदराच्या गेटासमोर एक चहाचं दुकान आहे. जेवणाच्या सुट्टीत दिगू आला. केस पांढरे झालेत त्याचे माझ्याआधी. भाजी-पाव मागवले. "काय दादा, अचानक? कोण आजारी नाय मा?"

जुळवलेलं काही आठवलं नाही. मी सरळ सांगितलं. आदल्या संध्याकाळचं, लाल स्वीचचं, धूर निघाल्यावर परत सरकवल्याचं. देवळातलं. डिचोलीच्या माणसाचं.

तो पाव हातात धरून ऐकत होता. दुकानातल्या पोरीनं येऊन विचारलं, आणखी काय हवं? त्यानं मान हलवली.

"मी बघितल्लो तो स्वीच," तो म्हणाला. "दोनशे तीसार होतो."

"मी परत केल्लो."

"मी जोडताना पण बघितल्लो."

"होय. तू बरोबर लावला होतास."

त्यानं पाव खाली ठेवला. "तेवां उलयलंस कित्याक नाय?"

तेव्हा का बोललो नाही, ह्या प्रश्नासाठी मी तेरा वर्षं उत्तरं जमवली होती. एकही खरं नव्हतं. मी म्हटलं, "मी मोठो होतंय म्हणून. बाबा सगळां माकाच विचारीत. तां जाऊक नको होतां."

तो बाहेर बघत राहिला. क्रेनचा हात पलीकडे सावकाश वळत होता. त्याचा आवाज आला तेव्हा तो मला उद्देशून नव्हता, कुठल्या तरी कागदावरून वाचत असल्यासारखा होता.

"बटणाच्यो वायरी?"

मला क्षणभर कळलं नाही. मग ती वही आठवली.

"बरोबर होत्यो."

"रॅम?"

"बरोबर."

"खालचे पितळी पाय? नव होते. मी नवच्या नव लावल्लंय काय?"

"नवच्या नव. त्या माणसान मोजून सांगितल्यान."

"प्रोसेसराकडची वायर?"

"आतपर्यंत बसलेली."

तो प्रत्येक उत्तरानंतर थांबत होता. मला माफी मागायची होती, तोंडाशी आली होती. पण त्याला ती नको होती. त्याला फक्त हे हवं होतं. माझ्याकडून त्याला देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते तेरा वर्षं माझ्याकडे पडून होतं.

गेटावरचा भोंगा झाला. सुट्टी संपली. आजूबाजूची माणसं उठून तोंड पुसत निघाली. एकानं त्याला जाताना हाक मारली, "दिगू, यतंस मा?"

दिगू उठला नाही.

"पंख्याची वायर," तो म्हणाला. "ती विचारूक रवली."

"ती पण बरोबर होती," मी म्हटलं.